दोन डाइव्ह झाल्या, पहाटे विमान आहे आणि कानाला दडा बसला आहे: आजची रात्र कशी काढावी?

आज सकाळी १२ आणि १६ मीटर खोलीच्या दोन डाइव्ह करून तुम्ही साडेअकराच्या सुमारास पाण्याबाहेर आलात, तेव्हापासून अंग जड आहे, डाव्या कानाला दडा बसला आहे, डोळ्यांभोवती मास्कच्या आकाराची लाली उमटली आहे आणि उद्या पहाटे ४ वाजता विमान पकडायचे आहे; तोवर शरीराची काय काळजी घ्यावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. बरीच वर्षे हौसेने डायव्हिंग करणारा आणि एकदा स्वतःच्या आगाऊपणापायी दाबकक्षात (डाइव्हनंतर अंगात झालेल्या बुडबुड्यांवर दाब वाढवून उपचार करतात त्या बंद खोलीत) जवळजवळ पाच तास काढून आलेला माणूस आहे, त्यामुळे खालचे उत्तर थोडे वाचनातून आणि थोडे त्या पाच तासांतून आलेले आहे.

सर्वांत आधी विमानाचे तिकीट बदला. डायव्हिंगच्या वैद्यकीय तज्ज्ञांचा सर्वमान्य सल्ला असा आहे की, साधी एकच डाइव्ह झाली असेल तर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास जाऊ द्यावेत. एका दिवसात एकाहून अधिक किंवा सलग काही दिवस डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास. आणि वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील इतकी खोल किंवा लांब डाइव्ह असेल तर १८ तासांहून बरेच अधिक. तुमचे १८ तास उद्या पहाटे साडेपाचला पूर्ण होतात. दीड तासाने असे काय बिघडणार, असे मनात येईल. पण १८ हा किमान आकडा आहे, आणि तो ओलांडताच धोका शून्य होतो असे कोणीच म्हटलेले नाही. मी स्वतः २४ तास धरतो आणि शेवटचा दिवस कोरडाच ठेवतो. उंच डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यालाही हाच हिशेब लागू आहे, कारण शरीराला विमान आणि डोंगर यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त हवेचा दाब कमी झालेला कळतो. प्रवासी विमानाच्या आतला दाब साधारणपणे २,४०० मीटर उंचीवरच्या दाबापर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीनचतुर्थांशापर्यंत उतरू शकतो.

यामागचे कारण नायट्रोजन आहे. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. १६ मीटरवर तुम्ही पृष्ठभागाच्या २.६ पट दाबाची हवा श्वासात घेत होता, आणि तिच्यातला नायट्रोजन त्या प्रमाणात रक्तात व तिथून शरीराच्या निरनिराळ्या भागांत विरघळत होता. वर आल्यावर तो परत रक्तातून फुप्फुसांत आणि उच्छ्वासावाटे बाहेर जातो, मात्र सगळीकडून एकाच वेगाने नाही. ज्या भागांना रक्ताचा पुरवठा भरपूर आहे ते काही मिनिटांत मोकळे होतात, तर काही भागांना कित्येक तास लागतात. डाइव्हची खोली व वेळ मोजणाऱ्या, मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित गणितात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे मानले आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत संथ कप्प्यातला जादा नायट्रोजन निम्मा व्हायला ६३५ मिनिटे, म्हणजे साडेदहा तासांहून अधिक वेळ धरला आहे. दाब कमी झाला की असा विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटू शकतो; सोडावॉटरच्या बाटलीचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते, पण त्याने थोडी दिशाभूल होते: बाटलीतला फेस दोन मिनिटांत बसतो आणि विषय मिटतो, शरीरात मात्र बारीक बुडबुडे बहुधा पाण्याबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत सर्वाधिक असतात आणि पुढेही काही तास फिरत राहतात. नियमात राहून केलेल्या डाइव्हनंतरही अनेकांच्या शिरांमध्ये ते सापडतात. फुप्फुसे ते गाळून टाकतात, म्हणून त्रास होत नाही. मात्र सुमारे चौघांतल्या एका प्रौढ माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली जन्माआधीची झडप पूर्ण मिटलेली नसते, आणि श्वास कोंडून जोर लावला की त्या फटीतून काही बुडबुडे फुप्फुसे चुकवून थेट धमन्यांत जाऊ शकतात. आपल्याला ती फट आहे की नाही हे बहुतेकांना ठाऊकच नसते.

माझ्या बाबतीत नेमके काय झाले ते सांगतो, कारण तुमच्या 'अंग जड आहे' या शब्दांवरून मला तेच आठवले. तीन दिवसांत सात डाइव्ह झाल्या होत्या. शेवटच्या दिवशी बोटीवरून उतरताना मी उत्साहाने दोन्ही हातांत एकेक सिलिंडर घेऊन शिडी चढलो. एक भरलेला सिलिंडर पंधरा किलोंच्या पुढेमागे भरतो. तासाभराने उजवा खांदा आतून ठणकू लागला. सिलिंडर उचलले, म्हणून दुखतो, असे मी ठरवून टाकले. रात्री कडकडीत पाण्याने अंघोळ केली, वेदनाशामक गोळी घेतली आणि झोपलो. पहाटे त्याच हाताच्या करंगळीला व शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या होत्या, तर हात अंगाखाली आला असेल असे वाटले. चहाचा कप उचलताना तो बोटांतून निसटला आणि समोर बसलेल्या सहकाऱ्याने न बोलता ऑक्सिजनची पेटी आणायला धाव घेतली. खांद्याचे दुखणे वेगळ्याच जातीचे, बुडबुड्यांचे होते, हे मला आदल्या रात्रीच समजायला हवे होते: दाबले तर अधिक दुखत नव्हते, हात कोणत्याही बाजूला वळवला तरी कमी-जास्त होत नव्हते, एखाद्या दुखऱ्या दाढेसारखे ते आपले खोल आत चालूच होते. स्नायू लचकला असता तर असे झाले नसते.

डाइव्हनंतरच्या प्रत्येक लक्षणाला असे एखादे स्वस्त कारण जवळच पडलेले असते. खांद्याला सिलिंडर, थकव्याला पहाटेचे उठणे, अंगावरच्या चट्ट्यांना डायव्हिंगचा सूट घासणे, चक्कर येण्याला बोट लागणे. म्हणून या रात्रीसाठी मी एकच कसोटी लावतो: ज्याने बुडबुडे वाढतील ते करायचे नाही, आणि ज्याने एखादे लक्षण झाकले जाईल किंवा नवे दुखणे निर्माण होऊन गोंधळ उडेल तेही करायचे नाही.

या कसोटीवर मद्य दोन्ही बाजूंनी नापास होते; ते शरीरातले पाणी कमी करते आणि धुंदी, डोकेदुखी, तोल जाणे ही सगळी लक्षणे उसनी आणून देते. जोराचा व्यायाम, धावणे, वजने उचलणे २४ तास नको. सावकाश फिरून यायला काहीच हरकत नाही. श्वास रोखून खोल सूर मारण्याचे खेळही तोवर टाळा. अंग रगडून घेण्याचा मोह होईल, पण उद्या खांदा दुखला तर तो मालिशने दुखतो की नायट्रोजनने, हे तुम्हाला किंवा डॉक्टरला कसे कळणार? अंगदुखीसाठी गोळी घ्यावीशी वाटत असेल, तर आधी दुखणे नेमके कुठे व कसे आहे हे कोणाला तरी सांगा आणि मगच गोळीचा विचार करा. कडकडीत पाण्याची अंघोळ आणि वाफेची खोली पहिले काही तास टाळावी, कारण उष्णतेने द्रवात वायू विरघळून राहण्याची क्षमता घटते, आणि गार पडलेली त्वचा एकदम तापली की तिच्यातला वायू रक्ताने वाहून नेण्याआधीच बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो. कोमट पाण्याने खुशाल अंघोळ करा. खारे पाणी अंगावर वाळू देण्यापेक्षा ते बरेच.

पाणी मात्र प्यायला हवे. पाण्यात उतरल्यावर हातापायांतले रक्त छातीकडे सरकते, शरीराला वाटते की रक्त फार झाले, आणि मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करू लागतात. डाइव्हच्या मध्येच जी अनावर घाई होते तिचे कारण हेच आहे. शिवाय सिलिंडरमधली हवा मुद्दाम कोरडी केलेली असते आणि दर श्वासागणिक शरीरातला ओलावा घेऊन जाते. थोडे थोडे, अनेकदा प्या; लघवीचा रंग फिका पडला की पुरेसे झाले असे समजा. एका बैठकीत तांब्यावर तांब्या रिचवण्याने काही साधत नाही, आणि भरपूर पाणी प्यायलो म्हणून विमान चालेल, असाही अर्थ काढू नका.

आता कान. उतरताना दाब वेळेवर समान झाला नाही की मध्यकर्णाचे अस्तर सुजते, तिथे थोडे पाणी किंवा रक्त साठते आणि दडा बसल्यासारखे वाटते; हे बहुधा काही दिवसांत ओसरते. नाक दाबून जोराने हवा फुंकून कान मोकळा करण्याचा प्रयत्न करू नका, त्याने आधीच ताणलेल्या पडद्याला इजा होऊ शकते. आवंढा गिळणे, जांभई देणे, जबडा हलवणे एवढेच पुरे. कापूस गुंडाळलेल्या काड्या तर अजिबात नकोत. बाहेरच्या नळीत नुसते पाणी राहिले असेल तर मान वाकवून ते निथळू द्या. पडदा शाबूत आहे याची खात्री नसताना कानात कोणताही थेंब घालू नये, म्हणून दुकानातून आणलेली बाटली उघडण्याआधी कान डॉक्टरला दाखवा. पाळी ओढली किंवा कानाच्या तोंडाशी दाबले की कळ येत असेल, तर बाहेरच्या नळीला संसर्ग झाल्याचा संभव असतो. कानात सतत आवाज येणे, ऐकू कमी येणे आणि भोवताल गरगरणे ही मात्र आतल्या कानाच्या इजेची चिन्हे आहेत. त्यासाठी सकाळची वाट पाहू नका. कान पूर्ण मोकळा होईपर्यंत पुढची डाइव्ह नाही, आणि दडलेल्या कानाने विमानात बसणेही त्रासाचेच असते. तिकीट पुढे ढकलण्याचे हे दुसरे कारण.

डोळ्यांभोवतालची लाली दिसते त्या मानाने निरुपद्रवी आहे. खाली जाताना मास्कमधली हवा आकसते आणि मास्क चेहऱ्याला चोखून धरतो, त्यामुळे बारीक केशवाहिन्या फुटतात. कधी डोळ्यांचा पांढरा भागही लालभडक होतो आणि घरची माणसे घाबरतात. एक-दोन आठवड्यांत ते आपोआप जाते. दृष्टी धूसर झाली किंवा डोळ्यात दुखू लागले तरच नेत्रतज्ज्ञाकडे जा. पुढच्या वेळी उतरताना नाकावाटे थोडी हवा मास्कमध्ये सोडत राहा. नाक मास्कच्या आत ठेवलेले असते ते त्यासाठीच.

थकव्याबद्दल: दोन डाइव्हनंतर दमणे स्वाभाविक आहे, पण जेवून, पाणी पिऊन, दोन तास पडूनही पायांत जीव नसल्यासारखे वाटत असेल तर ते लक्षणच समजा. त्याच्या जोडीला सांध्यांत खोलवर ठणका, त्वचेवर संगमरवरासारखी जांभळट जाळी, मुंग्या, बधिरपणा, एखाद्या अवयवात अशक्तपणा, लघवी न होणे, बोलताना अडखळणे यांतले काहीही दिसले तर थांबू नका. ही लक्षणे बहुतेकांमध्ये पहिल्या ६ तासांत आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये २४ तासांच्या आत दिसतात. छातीत दुखणे, आवाज बदलणे, गळ्याच्या त्वचेखाली कुरकुर लागणे किंवा गुलाबी फेसाळ थुंकीसह धाप लागणे ही फुप्फुसांशी संबंधित आणि याहून तातडीची गोष्ट आहे.

असे काही झाल्यास माणसाला सपाट आडवे करावे, मिळेल तितक्या लवकर मास्कने शुद्ध ऑक्सिजन द्यावा आणि रुग्णालय गाठावे; डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थांची दूरध्वनीसेवा चोवीस तास चालू असते, ती जवळचा दाबकक्ष कुठे आहे हेही सांगते. ऑक्सिजनने बरे वाटले तरी तपासणी चुकवू नये. ठणका थांबला म्हणून बुडबुडे गेलेच असे नसते. आणि पुन्हा पाण्यात उतरून दाब वाढवण्याचा उद्योग कोणी सुचवला तर त्याचे ऐकू नका. दाब पुन्हा वाढवल्याने दुखणे कमी होते हे खरेच आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणताना दाबाखालच्या पेटीत काम करणाऱ्या मजुरांना, ज्यांनी कधी पाण्यात बुडी मारली नव्हती त्यांनाही, हाच बुडबुड्यांचा आजार झाला होता, आणि १८७२ साली त्या पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग त्याने कायमचा खचला. आजचा दाबकक्ष त्याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथे १८ मीटर खोलीइतक्या दाबाला शुद्ध ऑक्सिजन दिला जातो, तुम्ही कोरडे असता आणि काचेपलीकडे कोणीतरी तुमच्याकडे पाहत बसलेले असते.

आज रात्री एकटे झोपू नका. खोलीतल्या सोबत्याला तुमच्या दोन्ही डाइव्हची खोली, वेळ आणि बाहेर आल्याची वेळ कागदावर लिहून द्या, आणि डाइव्ह कॉम्प्युटर कोणाला परत करायचा असला तरी आजची रात्र जवळ ठेवा. झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर त्याच्यासमोर पाच मिनिटांची तपासणी करा: टाचेला बोटे लावून सरळ रेषेत दहा पावले चाला, डोळे मिटून तर्जनीने नाकाच्या शेंड्याला हात लावा, दोन्ही हातांनी त्याची बोटे दाबून जोर सारखा आहे का ते त्याला विचारा, आणि हसा, म्हणजे तोंड एका बाजूला वाकत नाही ना हे त्याला दिसेल. यातले काही कालच्यापेक्षा वेगळे वाटले तर विमानतळाऐवजी रुग्णालयाची गाडी मागवा.