गोव्यातल्या हलक्याफुलक्या प्रेमकथेत फसवली गेलेली नायिका वडिलांचा खाज्याचा धंदा कसा वाचवेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नायिका फोंड्याची, वडील वारलेले, नवऱ्याचं बाहेर प्रकरण. तो तिच्या नकळत माहेरचं खाज्याचं (गुळात घोळलेल्या बेसनाच्या काड्यांचं, जत्रेतल्या खाऊचं) दुकान विकतो, मुंबईचा एक आर्किटेक्ट पैसे भरून ते सोडवतो. हे पटेल का, नायक हाच ठेवावा का, आणि प्रेमाची कबुली नेमकी कुठे घालावी?

नाही पटणार. गोव्यात नवऱ्याला दुकान असं गुपचूप विकताच येत नाही. आमच्याकडे अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातली लग्नाची व्यवस्था चालते. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोचं सगळं समाईक, आणि त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. स्थावर मालमत्ता विकायची तर दोघांच्याही सह्या लागतात. तुमच्या खलनायकाने खोटी सही केली असं दाखवलंत, तर ती फौजदारी भानगड होईल. मग हलकीफुलकी प्रेमकथा कसली, तारखांवर तारखा लिहीत बसाल.

पण याच कायद्याची दुसरी बाजू तुम्हाला जास्त कामाची आहे. वारशाने आलेलंही समाईकच होतं. वडील गेले, तर दुकानाचे आठ आणे आधीपासूनच आईचे. उरलेले आठ आणे एकुलत्या एका मुलीचे, आणि तिच्या वाट्यात निम्मा हिस्सा नवऱ्याचा. म्हणजे ज्या जावयाने कधी कढईला हात लावला नाही, तो वडिलांच्या बाराव्याच्या आत चार आण्यांचा मालक. तुमचा खरा पेच हा आहे. दुकान सोडवायचं नाहीये, त्या चार आण्यांसकट चालवायचं आहे. म्हणून एक विनंती, आईला पहिल्याच प्रकरणात मारू नका. आई हयात असेपर्यंत बारा आणे बायकांच्या हातात राहतात. आणि विनोद पाहिजे असेल तर खाज्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्या आईइतका तो दुसरं कोणी पुरवणार नाही.

प्रकरण उघडकीला कसं येतं, हे तुम्ही मोबाइलवरच्या मेसेजने दाखवलंय. सगळेच तसं दाखवतात. गोव्यात त्याहून मजेशीर रस्ता आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ होतं. या समाईक व्यवस्थेखालच्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे धंदा, घरभाडं, व्याज, हे निम्मं-निम्मं करून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागे. आता हिशेबनीस जुलैमध्ये सहज विचारतो, "वहिनी, पुण्याच्या फ्लॅटचं निम्मं भाडं तुमच्याकडे धरलंय हां." वहिनीने आयुष्यात पुण्यात फ्लॅट पाहिलेला नाही. याहून चांगला प्रसंग मला तरी सुचत नाही.

मग नवरा धंदा बुडवतो कसा? जे उचलता येतं त्याने. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) मागण्यांपोटी आलेले आगाऊ पैसे, पितळेची कढई, बेसनवाल्याकडची उधारी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जत्रेतली जागा. खाज्याचा धंदा दुकानात होत नाही, तो पंचांगावर चालतो. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्याचे नोव्हेने (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना), ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा, ८ डिसेंबरला पणजीचं, मग पौषात म्हापशाचा बोडगेश्वर आणि फातर्पा, माघात मंगेशी, वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावची लईराई. त्याच सुमाराला म्हापशाची मिलाग्र सायबीण, म्हणजे तिथल्या चर्चची मेरीमाता. लोक लईराई आणि मिलाग्रला बहिणी मानतात, आणि खाजं दोघींच्या दारात विकलं जातं. ख्रिस्ती गिऱ्हाईक "काडयो-बोडयो" मागतं, तेव्हा हेच पुढे करायचं. कुठे जागेची पावणी (लिलाव) होते, कुठे मागल्या वर्षी बसला तोच यंदाही बसतो. नवऱ्याने एका वर्षी जागेचे पैसे भरले नाहीत, की पुढल्या वर्षी तिथे कुणाची तरी प्लास्टिकची बादली-मगांची रास दिसणार. बाजारात बसलं की सोप्याची (बाजारकराची) पावती वेगळी. नायिका हे सगळं एका वहीत मांडते, असं एक पान तरी लिहा.

आता खाजं. तुम्ही लिहिलंय, "तिने प्रेमाने पाकात खाजी बुडवली." पाकात बुडवतात ती जिलबी.

किलोभर बेसन चाळून घ्या, त्यात मीठ, चिमूट हळद, साधारण ६० मिली कडकडीत तेलाचं मोहन. पाणी ४०० मिलीच्या आसपास, पण एकदम ओतायचं नाही. पीठ शेवेच्या पिठापेक्षा घट्ट हवं. पेन्सिलीएवढ्या भोकाच्या ताटलीतून पाडून बोटभर तुकडे करायचे आणि मध्यम आचेवर तळायचे. आच मोठी ठेवली की बाहेरून रंग लवकर येतो आणि आत ओल राहते. ती ओल त्या दिवशी दिसत नाही. दोन दिवसांनी ती आतून बाहेर येते आणि वरचा गूळ सुटतो. गार झालेली काडी कट् आवाज करून मोडली पाहिजे, आणि मोडल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला तर ती अजून कच्ची आहे.

पाकाला ७५० ग्रॅम गूळ, १५० मिली पाणी. ताजं आलं घालायचं असेल तर किसून सुरुवातीलाच, म्हणजे त्याचं पाणी उकळून जातं. शेवटी घातलंत तर तयार पाक सैल पडतो. शेवटी घालायची ती सुंठ, आणि भाजलेले तीळ. पाक ११८ ते १२० अंशांवर येऊ द्यायचा. थर्मामीटर नसेल तर वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाका. बोटांत वळता येणारी घट्ट गोळी झाली की उतरवा. गोळी ताटात टण् वाजली तर पाक चिक्कीचा झाला, तो काडीवर बसणार नाही, फुटून पडेल. मग कढई खाली घेऊन काड्यांवर पाक ओतायचा आणि सतत परतत राहायचं. चार-पाच मिनिटांत चकाकी जाते, गूळ भुरकट होतो आणि काड्या एकमेकींपासून सुटतात. तो क्षण चुकला की सगळ्यांचा मिळून एक गोळा.

याच गोळ्यावरून आमच्या घरात भांडण आहे, आणि खरं सांगायचं तर हे उत्तर लिहायला बसले ती त्यासाठीच. एका चवथीला तीस किलोंची मागणी होती. भर पाऊस. खाजं रात्री अकराला उतरलं, बाराला पिशव्यांत भरलं, सकाळी प्रत्येक पिशवीत एकेक वीट. दादाचं म्हणणं, गूळ ओला होता. माझं म्हणणं, खाजं कोमट भरलं. कोमट माल पिशवीत घातला की वाफ आतच राहते, पिशवीला आतून घाम येतो आणि तो गुळावर पडतो. पावसाळ्यात पंख्याखाली गार करणं त्याहून वाईट, कारण पंखा बाहेरची दमट हवा खाज्यावर आणून घालतो. पत्र्याच्या डब्यात, कोरड्या खोलीत, झाकण किलकिलं ठेवून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मग बंद करायचं. त्या तीस किलोंपैकी अकरा किलो हातोडीने फोडून "गूळचणे" म्हणून विकले. उरलेलं गाईंनी खाल्लं, आणि गाई खूश होत्या.

पण दादा अर्धा बरोबर होता, त्याला अर्ध्याचं कारण माहीत नव्हतं एवढंच. गुळात नुसती साखर नसते, साखर फुटून झालेले ग्लुकोज-फ्रुक्टोजही असतात. ते हवेतली ओल ओढतात आणि पाकाचे कण धरू देत नाहीत. जुना, काळपट, पाझरणारा गूळ असेल तर हे प्रमाण जास्त. म्हणून मी म्हणते, पावसाळ्यात किलोभर बेसनामागे ७५ ते १०० ग्रॅम गूळ कमी करून तेवढी साखर घाला, आणि परतताना शेवटी चमचाभर पिठीसाखर भुरभुरा. दुधाला विरजण तशी ती पिठी. एक कण धरला की बाकीचे त्याच्या मागून धरतात. दादा याला भेसळ म्हणतो. त्याच्या मते "आजोबांनी कधी साखर घातली नाही." आजोबा ऑगस्टमध्ये खाजं करतच नव्हते! जत्रा नोव्हेंबर ते मे, तेवढाच त्यांचा धंदा. आणि पाकात लिंबू पिळायला सांगणाऱ्यांना तर कढईजवळ येऊच देऊ नका. आंबटाने साखर आणखी फुटते, मग पाक कणी धरेल कशाला?

तेव्हा तुमच्या नायिकेला दुकान वाचवायला आर्किटेक्ट नको, पावसाळा हवा. पावसाळ्यात मंदावणारा धंदा तिने बारा महिन्यांचा केला, तर नवऱ्याच्या चार आण्यांसकट तो उभा राहतो. त्यासाठी लागणारे कागद: पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा व्यवसाय परवाना आणि खाद्य सुरक्षेची नोंदणी, दोन्ही तिच्या नावावर (हे हमखास नवऱ्याच्या नावावर असतात, कारण "ऑफिसात तोच जातो"). इलेक्ट्रॉनिक काट्याचा दर वर्षीचा शिक्का. खाज्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव. म्हातारी आई विचारते, "आमचं खाजं आमचंच आहे हे मद्राशाला विचारायचं?" हा संवाद फुकट घ्या.

नायक शेजारच्या पालात बसणारा चणेवाला करा. तोही तेच पंचांग पाळतो, म्हणून दोघांची भेट जुन्या गोव्याला, मग बोडगेश्वराला, मग शिरगावला होते. योगायोग शोधायला नको. महिना-महिना न भेटण्याचं कारणही आपोआप मिळतं. वाळूत चणे भाजणाऱ्याला आच कळते, आणि खाज्याला चार हात लागतातच: एक जण पाक ओततो, दुसरा परततो. नवऱ्याने ही दुसऱ्याची जागा रिकामी ठेवली होती, एवढं सुचवलंत तरी वाचकाला कळेल. आर्किटेक्टला हवं तर गिऱ्हाईक म्हणून आणा. तो खाज्याचा फोटो काढील.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कायद्याचं मी लिहिलंय ते ढोबळ आहे. लग्न कुठे नोंदलं, करार होता का, भावंडं किती, यावर आण्यांचं गणित बदलतं, तेव्हा मडगाव-पणजीच्या कुठल्याही वकिलाला तासभर विचारा. वारसाहक्काच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गोवेकरांच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही इथलाच कायदा लावला, पण घटस्फोटात पुण्याचा फ्लॅट कसा वाटला जाईल हे त्या वकिलालाच विचारा. कथेत दुकान भाड्याचं असेल तर वरचं निम्मं गैरलागू. आणि जानेवारीच्या कोरड्या हवेत, नव्या गुळाचं, साखरेचा कण नसलेलं दादाच्या हातचं खाजं माझ्यापेक्षा चांगलं होतं. जानेवारीत.

कबुली कुठे, ते राहिलं. पाक चुलीवर असताना नको, तेव्हा बोलायला फुरसत नसते, आणि १२० अंशांचा गूळ हातावर उडाला तर पुढचं प्रकरण इस्पितळात लिहावं लागेल. गिऱ्हाईक असताना नको. जत्रा उठल्यावर कढई घासायची असते. वाळलेला गूळ खरवडून निघत नाही, आत कढत पाणी भरून अर्धा तास नुसतं थांबावं लागतं, पाल आवरलेलं असतं आणि टेम्पो आलेला नसतो. त्या अर्ध्या तासात घाला.