कारखान्याचं पाणी नाल्यात येतं, मंडळाकडे तक्रार करूनही काही होत नाही. गावाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गिरणेकाठच्या तुमच्या गावाजवळच्या कारखान्याचं तपकिरी, उग्र वासाचं पाणी नाल्यात येतं आणि नाल्यालगतच्या विहिरी बिघडल्या आहेत. ग्रामपंचायतीने अर्ज दिला, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब आले, नमुना घेऊन गेले, पुढे सगळं थंड. मी धुळे जिल्ह्यातला, पांझरेच्या खोऱ्यातला शेतकरी. आमच्या नाल्याचं दुखणं हेच होतं, त्यामुळे अनुभवाचं तेवढं सांगतो.

‘पाणी घाण येतं, कारवाई व्हावी’ एवढ्यावर थांबणारा अर्ज फायलीत जातो आणि तिथेच राहतो, कारण त्यात साहेबांना उत्तर द्यावं लागेल असं काही नसतं. कारखान्याने नेमकी कोणती अट मोडली, कोणत्या तारखेला, हे लिहिलंत की त्यांना खरं-खोटं काय ते कागदावर आणावं लागतं.

ही अट सापडते संमतीपत्रात. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातल्या कलम २५ प्रमाणे सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला मंडळाची संमती लागते. आमच्याकडे सगळे त्याला ‘कन्सेंट’च म्हणतात. त्याच कलमात असंही आहे की या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची आणि त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या माणसाला ती बघू द्यायची. म्हणजे ज्याच्या विहिरीला वास सुटलाय, त्याचा तो हक्कच आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच संमतीपत्रं असतात. नाहीच मिळालं तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच अर्जात मागच्या नमुन्यांचे अहवाल (मंडळाच्या भाषेत ‘जेव्हीएस’), दिलेल्या नोटिसा आणि कारखान्याने अटी पाळण्याची हमी म्हणून मंडळाकडे दिलेली बँक गॅरंटी जप्त केली का, हेही मागा.

कन्सेंट हातात आली की आधी एकच ओळ शोधा: पाणी कुठे सोडायचं. आमच्या कारखान्याच्या कन्सेंटमध्ये लिहिलं होतं की प्रक्रिया केलेलं सगळं पाणी आतच परत वापरायचं, हद्दीबाहेर काहीही जाता कामा नये. मग बीओडी (पाण्यातल्या सडणाऱ्या घाणीचं माप) ३० आला की ३००, हा वादच उरला नाही. नाल्यात पाणी दिसलं तिथेच अट मोडली.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे मीटर. ईटीपी, म्हणजे कारखान्याची सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, नीट चालवायची तर पाण्यात हवा सोडणारे ब्लोअर रात्रंदिवस फिरवावे लागतात, त्याचं वीजबिल जड जातं, आणि म्हणून ती बंद ठेवण्याचा मोह होतो. मंडळाच्या संमतीपत्रांत सहसा अट असते की ईटीपीला वेगळं वीजमीटर हवं आणि प्रक्रियेला वापरलेल्या रसायनांची नोंदवही हवी. पाहणीला साहेब आले की सरपंचांनी नम्रपणे पण ठामपणे सांगावं, ‘साहेब, ईटीपीच्या मीटरचं आजचं रीडिंग अहवालात घ्या.’ पुढच्या पाहणीला पुन्हा तेच. नमुन्याच्या दिवशी यंत्रणा सुरू करता येते, पण मधल्या दोन महिन्यांचं रीडिंग एका दिवसात वाढवता येत नाही. आमच्याकडे कारखान्याला खरा घाम या मागणीनेच फुटला.

पाणी सुटतं रात्री आणि पाहणी होते दुपारी. पण शेतीची लाइट रात्रीची असते तेव्हा मोटार चालू करायला आपलीच माणसं नाल्याकाठी असतात. त्यांच्यासाठी एक वही ठेवा: तारीख, वेळ, रंग, वास, फेस कुठल्या बांधापर्यंत आला, खाली दोघांच्या सह्या, सोबत वेळ आणि ठिकाण उमटलेला फोटो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात डोळ्यांत तेल घालून बघा. वर्षभर खड्ड्यांत साठवलेलं पाणी पुराच्या नावाने सोडून द्यायची हीच वेळ असते.

‘ही तर तुमच्या गावाचीच गटार आहे,’ असं उत्तर हमखास येईल. म्हणून फोटो आणि नमुने कारखान्याच्या वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे, दोन्ही हवेत. तुमच्या बाटलीतला नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालेल असं नाही. त्यासाठी मंडळानेच त्याच जल कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे, कारखान्याच्या माणसासमोर दोन भाग करून सीलबंद केलेला नमुना लागतो. पण वरच्या आणि खालच्या अंगाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की तसा नमुना घ्यायला मंडळाला भाग पाडता येतं. पिण्याच्या विहिरींचे नमुने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल ग्रामसभेच्या ठरावाला जोडा.

उन्हाळ्यात धरणातून पाण्याचं आवर्तन नसलं की आपल्या नद्यांत मिसळायला पाणीच नसतं. जे सोडलं जातं, तीच नदी. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. तापी आणि तुमची गिरणा दोन्ही त्यात आहेत. अर्जात हे जरूर लिहा.

गावात फूट पडते ती नोकरीवरून. आमच्याकडची कितीतरी पोरं त्याच कारखान्यात कामाला होती, आणि म्हातारी माणसं म्हणायची, ‘आपलं कोन आयकस?’ म्हणून ठरावात आम्ही ‘कारखाना बंद करा’ असं कधीच लिहिलं नाही. ‘ईटीपी चालवा, मंडळाने ती चालते का ते तपासावं’ एवढीच मागणी ठेवली. या मागणीवर तिथे कामाला असलेल्या पोरांच्या आयाही सह्या करायला पुढे आल्या. हंडा घेऊन त्यांनाच लांब जावं लागत होतं.

उपप्रादेशिक कार्यालय हलत नसेल तर तीच फाइल नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा आणि जल कायद्याच्या कलम ३३अ खाली कारखान्याला निर्देश द्यायला सांगा. त्यात वीज-पाणी तोडण्याचाही अधिकार आहे. मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कलम ४९ प्रमाणे नागरिकाला स्वतः कोर्टात तक्रार करता येते. आमच्याकडे नोटीस निघाली, गॅरंटी जप्त झाली, आणि हिवाळ्यापासून नाल्याला फेस नाही. विहिरी मात्र अजून सुधारलेल्या नाहीत. जमिनीत मुरलेलं इतक्या लवकर निघत नाही, म्हणून टँकरची मागणी आम्ही अजून सोडलेली नाही.

पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या पुण्याच्या हरित लवादाचा रस्ताही आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १००० रुपये, आणि बाजू स्वतः मांडता येते. पण लवादाच्या कायद्यातल्या कलम १४ खाली मुदत ६ महिन्यांची आहे, योग्य कारण असेल तर वर ६० दिवस. भरपाईसाठी ५ वर्षं. तुमच्या ग्रामपंचायतीच्या पहिल्या अर्जावर कोणती तारीख आहे ते आजच बघा आणि तो कागद घेऊन वकिलाला भेटा.