नदीतील प्राणिप्लवकांची विविधता जास्त आली, तर पाणी चांगले आहे असे लिहिता येते का?

तुमच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात प्राणिप्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचा, शॅनन निर्देशांक (विविधता मोजणारा आकडा) दोनच्या पुढे आला आहे आणि त्यावरून नदी ‘मध्यम प्रदूषित’ असे लिहावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते लिहू नये. हाच आकडा पुढे करून माझ्या एम.फिल.च्या तोंडी परीक्षेत मला गप्प बसवण्यात आले होते, त्यामुळे या प्रश्नावर मला दोन ओळींत उत्तर देणे जमणार नाही.

माझे काम पंचगंगेवर होते. प्रयाग चिखलीपासून पंचगंगा म्हणवली जाणारी ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. परंतु पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की ती नावापुरतीच वाहते आणि प्रत्यक्षात एकाखाली एक अशा लांबट तळ्यांत साठून राहते. मी एक ठिकाण शहराच्या वरच्या अंगाला वाहत्या पाण्यात घेतले होते आणि दुसरे सांडपाणी मिसळल्यानंतरच्या एका बंधाऱ्याच्या फुगवट्यात. वरच्या ठिकाणी 50 लिटर पाणी जाळीतून गाळले तरी तळाच्या बाटलीत पालापाचोळ्याच्या कणांखेरीज फारसे काही दिसत नसे. फुगवट्यातील बाटली मात्र उजेडासमोर धरली की पाण्यातील ठिपके आपोआप उड्या मारताना नुसत्या डोळ्यांना दिसत. ते मॉयना आणि सायक्लॉप्स हे बारीक कवचधारी जीव. सूक्ष्मदर्शकाखाली ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस या रोटिफर गटातील सूक्ष्म जीवाची गर्दी असे: कवचाच्या पुढच्या कडेला चार काटे, त्यांतील मधले दोन लांब, आणि कित्येक माद्यांच्या मागे चिकटलेली अंडी. जोडीला ब्रॅकिओनस अँग्युलॅरिस आणि फिलिनिया, हेही रोटिफरच. सेंद्रिय घाण मुरलेल्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात हीच मंडळी सापडतात, हे आपल्या विषयातील कोणालाही वेगळे सांगायला नको.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कोष्टक पाहिले आणि म्हणाले, “खालच्या ठिकाणी संख्याही जास्त, निर्देशांकही जास्त, मग तुमचा निष्कर्ष उलटा कसा?” मी प्रजातींची यादी पुढे केली, तर ती परिशिष्टात टाका म्हणाले. माझे मार्गदर्शक खिडकीबाहेर पाहत राहिले. शेवटी खालचे पाणी अधिक घाण आहे हे वाक्य मला बदलावे लागले.

त्यांना जे मला सांगू दिले गेले नाही, ते तुम्हाला सांगते. वाहत्या नदीत प्राणिप्लवक कमी असण्याचे पहिले कारण प्रदूषण नसून प्रवाह हे असते. उष्ण पाण्यात रोटिफरची पिढी काही दिवसांत तयार होते, क्लॅडोसेरांना (मॉयनाच्या गटाला) त्याहून अधिक वेळ लागतो आणि कोपेपॉडांना (सायक्लॉप्सच्या गटाला) अंड्यातून बाहेर पडल्यावर अनेक अवस्थांतून जावे लागते. तेवढा काळ पाणी एका जागी थांबलेच नाही, तर जन्मलेले जीव खाली वाहून जातात. म्हणूनच आपल्याकडील बहुतेक नद्यांत उन्हाळ्यात संख्या चढते आणि पावसाळ्यात गढूळ लोंढ्याबरोबर कोसळते. बंधाऱ्याने पाणी अडवले की संख्या आणि प्रकार दोन्ही वाढतात, आणि तुमचा निर्देशांक पाण्याची शुद्धता न मोजता बरगे घालून किती दिवस झाले तेच मोजत बसतो.

दुसरे असे की, एकच्या खाली तीव्र प्रदूषित, एक ते तीन मध्यम आणि तीनच्या वर स्वच्छ ही जी पायरी आपण डोळे झाकून वापरतो, ती विल्म आणि डोरिस यांनी 1968 साली मांडली, आणि तीही ओढ्यांच्या तळाशी राहणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या आधारे. तरंगत्या प्राणिप्लवकांना ती लावणे हा निव्वळ आळस आहे आणि तो दरवर्षी नव्या प्रबंधांत छापला जातो.

पाण्याच्या तपासण्यांचेही तसेच. सकाळी अकराला घेतलेल्या नमुन्यात विरघळलेला ऑक्सिजन उत्तम येतो, कारण शेवाळ तो तयार करत असते. त्याच फुगवट्यात पहाटे उजाडण्यापूर्वी मोजा, म्हणजे मासे तोंड वर काढून का फिरतात ते कळेल. ऑक्सिजनसोबत बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), अमोनिया, वाहकता आणि पारदर्शकता नोंदवा, आणि प्रत्येक नमुन्यापुढे वेळ, प्रवाह व बंधाऱ्याची स्थिती लिहा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: केवळ ब्रॅकिओनस सापडला म्हणून पाणी घाण ठरत नाही, गावतळ्यांतही तो असतो, त्याचे प्रमाण आणि सोबतचे जीव पाहावे लागतात. रोटिफरांचे काही वंश तर जबडे वेगळे करून पाहिल्याशिवाय प्रजातीपर्यंत ओळखताच येत नाहीत, आणि मऊ अंगाचे प्रकार फॉर्मलिनमध्ये आक्रसून गोळा होतात, म्हणून थोडा नमुना जिवंत असतानाच पाहून घ्या. शिवाय खऱ्या वाहत्या पट्ट्यासाठी तळातील कीटकांच्या अळ्या प्राणिप्लवकांपेक्षा अधिक भरवशाच्या असतात. विषय बदलण्याची मुभा असेल तर अवश्य बदला.

मुभा नसेल तर प्रजातींची यादी परिशिष्टात ढकलू देऊ नका, ती निष्कर्षाच्या प्रकरणातच ठेवा. पावसाळ्याचे नमुने ‘रिकामे’ म्हणून कोणी वगळायला सांगितले तरी वगळू नका. आणि तोंडी परीक्षेला जाताना 1968 च्या त्या लेखाची प्रत सोबत न्या; मी नेली नव्हती, पण मी काय म्हणत होते ते परीक्षकांना ठाऊक असायला हवे होते, असे मी आजही म्हणेन.