नवीन घेण्याआधी: संगणक मंडळाकडे आलेल्या प्रश्नांची उत्तरे

आमच्या कोल्हापूरच्या संगणक मंडळाची बैठक महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी भरते. कुणी बंद पडलेला लॅपटॉप पिशवीत घालून आणतो, कुणी प्रिंटरचं तक्रारगाणं घेऊन येतो, आणि चहा येईपर्यंत निम्मे प्रश्न एकमेकांतच सुटतात. उरलेल्यांना इथे उत्तरं देतो. विचारणाऱ्यांची नावं घालत नाही, पेठ किंवा गाव तेवढं लिहितो.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ): माझा लॅपटॉप २०१७ चा, विंडोज १० चा आहे. दुकानात म्हणाले, "विंडोज १० बंद झालं, आता यावर बँकेचं काम करू नका, नवीनच घ्या." लॅपटॉप चालतो चांगला, फक्त सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात. खरंच बदलावा लागेल का?

बाई, लगेच बदलू नका. "बंद झालं" म्हणणं बरोबर नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं. लॅपटॉप आदल्या दिवशी जसा चालत होता तसाच दुसऱ्या दिवशीही चालला. फरक इतकाच, की त्यानंतर सापडणारी सुरक्षेतली भोकं आपोआप कुणी बुजवत नाही, आणि चोर नेमके तीच भोकं शोधत असतात. म्हणून दुर्लक्षही करायचं नाही.

घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा दुरुस्त्या नोंदणी करून मिळतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटचं पान उघडा, तिथे नोंदणीचा दुवा दिसेल. तुमचं विंडोज १० हे २२एच२ या शेवटच्या आवृत्तीचं हवं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जची प्रत त्या खात्यावर ठेवायला होकार दिला की पैसे पडत नाहीत. ते नको असेल तर ३० डॉलर भरायचा पर्याय आहे.

विंडोज ११ तुमच्या लॅपटॉपवर जाईल का, हे प्रोसेसरच्या आकड्यावरून कळतं. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे तो लिहिलेला असतो. आय-फाइव्ह ७२००-यू असं असेल तर पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी; ८२५०-यू म्हणजे आठवी. इंटेलमध्ये जवळपास सगळीकडे आठवीपासून पुढेच अधिकृत परवानगी आहे. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. ती पुष्कळदा यंत्रात असते पण बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेली असते, तेव्हा "तुमच्यात नाही" असं कुणी सांगितलं तरी एकदा बायोस उघडून बघायला लावा. २०१७ चा लॅपटॉप बहुधा सातव्या पिढीचा निघेल. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे भेटतील, पण तसं बसवलेल्या यंत्राला पुढे दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेच्या कामासाठी मी ते सुचवणार नाही.

आता त्या पाच मिनिटांबद्दल. तो दोष विंडोजचा कमी आणि हार्ड डिस्कचा जास्त. लॅपटॉपची हार्ड डिस्क साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि तिच्या माहिती वाचणाऱ्या काट्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचायला सेकंदाचा शंभरावा भाग किंवा थोडा जास्तच लागतो. ऐकायला तो वेळ किरकोळ वाटतो, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच, त्यामुळे ही धावपळ संपते. मागच्या बैठकीत याच वयाच्या एका लॅपटॉपची डिस्क आम्ही बदलली. खालचे स्क्रू काढून, जुन्या डिस्कची प्रत नवीवर उतरवून परत बंद करेपर्यंत बैठकीचा वेळ संपत आला. पण मग बटण दाबलं आणि मालकाने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत पडदा तयार होता. नव्या लॅपटॉपच्या मानाने हा खर्च फारच थोडा आहे.

१३ ऑक्टोबर २०२६ नंतर काय? लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी बसवायची दुसरी प्रणाली. मोफत आहे, आणि पेनड्राइव्हवरून चालू करून, लॅपटॉपमधलं काहीही न पुसता आधी बघता येतं. मराठी टंकन, ब्राउझर, पत्रं, हिशेब सगळं होतं. पेनड्राइव्हवरूनच तुमचा प्रिंटर चालतो का ते तपासा आणि मग ठरवा. बैठकीला आलात तर समोर बसवून दाखवतो.

प्रश्न (छापखानदार, शाहूपुरी): माझ्याकडे वीस वर्षांचं काम पडून आहे. लग्नपत्रिका, दूध संस्थांचे वार्षिक अहवाल, सभेच्या नोटिसा. सगळं जुन्या फॉन्टमध्ये. नवीन संगणकावर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला दिसतो. फाइली खराब झाल्या का?

नाही दादा, एकही खराब झालेली नाही. या महिन्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तुमचा आहे, कारण कोल्हापुरातल्या कितीतरी कपाटांत अशा फाइली पडून आहेत आणि त्या टंकणारे हात आता थकत चाललेत.

जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत मराठी नसतंच. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये "कोल्हापूर" लिहिलं तर फाइलीत साठतं ते डी, के, एस, वाय, जी, के, आय, डब्ल्यू, जे. त्या फॉन्टने डी ला "क" चा मुखवटा चढवलेला असतो, के ला काना, एस ला मात्रा. फॉन्ट आहे तोवर "कोल्हापूर". फॉन्ट गेला की मुखवटा उतरला. म्हणूनच त्या फाइलींत "कोल्हापूर" हा शब्द शोधून सापडत नाही आणि तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की समोरच्याला काहीच कळत नाही. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत "क" ला स्वतःचा क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही असो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यात देवनागरी होती. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकासह मराठी विंडोज २००० पासून विंडोजमध्येच मिळतं. सोय होती, पण छपाईची सॉफ्टवेअरं जुन्या फॉन्टवर उभी होती, त्यामुळे छापखाने तिथेच राहिले. यात तुमची चूक नाही.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण आधी फॉन्टचं नेमकं नाव हवं. कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख यांचे मुखवटे वेगवेगळे आहेत, एकाचा रूपांतराचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. म्हणून जुना संगणक विकण्याआधी त्यातलं फॉन्टचं अख्खं फोल्डर कॉपी करून ठेवा. हे विसरलात तर पुढचं सगळं अवघड होतं.

रूपांतरानंतर तीन जागी डोळ्यांत तेल घालून बघायचं. पहिली ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे जोडाक्षरापाशी ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफाराचंही तसंच, फक्त उलट दिशेने. दुसरी जागा म्हणजे आपला खास मराठी अर्धा र: "दुसऱ्या", "तऱ्हा", "शेतकऱ्यांना". हिंदीसाठी केलेला तक्ता वापरला तर "शेतकर्यांना" होतं, आणि दूध संस्थेच्या अहवालात तर हा शब्द पानोपानी असतो. तिसरी, मध्येच आलेली इंग्रजी अक्षरं. रूपांतर करणाऱ्याला ती मराठीच वाटतात आणि तो त्यांचाही देवनागरी काला करतो. आकडेही छापील प्रतीशी ताडून घ्या, विशेषतः ताळेबंदातले.

सगळ्या फाइली एकदम घेऊ नका. ज्या संस्थांचं काम अजून येतं त्यांचे अहवाल आधी. जुन्या पत्रिकांची पीडीएफ करून ठेवली तरी पुरे. फक्त फॉन्ट आत समाविष्ट होईल असा पर्याय निवडा, म्हणजे चित्र तरी जसंच्या तसं राहील.

प्रश्न (इचलकरंजी): परवापासून कुठलीही वेबसाइट उघडली की "कनेक्शन खासगी नाही" असं लाल पान येतं. व्हायरस आहे का?

संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख बघा. दहा-बारा वर्षं मागची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल संपला आहे. सीआर २०३२ म्हणून मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, आणि तुमचा संगणक भूतकाळात असला की त्याला ते प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं वाटतं. सेल बदला, तारीख लावा. तारीख बरोबर असूनही लाल पान आलं तर मात्र पुढे जाऊ नका.

प्रश्न (वर्कशॉप मालक, शिरोली एमआयडीसी): आमच्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा संगणक विंडोज एक्सपीवर आहे. त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. मुलगा म्हणतो, हे धोक्याचं आहे.

मुलाचं बरोबर आहे. पण संगणक फेकायची गरज नाही, त्याला एकटं पाडायची गरज आहे. एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ लाच थांबल्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा विषाणू जगभर पसरला तो नेटवर्कमधून, कुणी काही क्लिक न करता. तेव्हा त्या संगणकाची नेटवर्कची वायर काढा आणि पुन्हा जोडू नका. प्रोग्रॅम न्यायला एकच पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर रंगाची पट्टी मारा, आणि तो ऑफिसच्या तपासलेल्या संगणकाशिवाय कुठेही लावू नका.

मला त्याहून मोठी काळजी डिस्कची वाटते. एक्सपीच्या काळातली डिस्क म्हणजे कधीही जाईल अशी. आजच तिची हुबेहूब प्रत काढा. क्लोनझिला हे मोफत साधन ते काम करतं. संगणक उघडल्यावर डिस्कला रुंद चपटी पट्टी जोडलेली दिसली तर ती आयडीई डिस्क आहे, बोटभर रुंदीची वायर असेल तर साटा. आयडीई असेल तर जोडणी बदलणारा छोटा अडॅप्टरही लागेल. प्रत काढून ठेवू नका नुसती, एकदा बसवून मशीनवर एक जॉब काढून बघा. आणि फाउंड्रीजवळ असाल तर दर महिन्याला पंखा आणि आतली काळी धूळ साफ करा. त्या धुळीत लोखंडाचा कीस असतो, तो सर्किटवर बसला की शॉर्ट करतो.

प्रश्न (नागाळा पार्क): २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत पाणी घरात आलं. फोटो आणि व्यवसायाची कागदपत्रं कशी जपावीत? आणि भिजलेली हार्ड डिस्क वाचते का?

दुसऱ्याचं आधी सांगतो. वाचू शकते, जर तुम्ही ती चालू केली नाहीत तर. २०२१ च्या जुलैत पाणी उतरल्यावर माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सीपीयू दोन दिवस उन्हात ठेवला, हेअर ड्रायर फिरवला आणि बटण दाबलं. कर्र असा आवाज आला. मुलीच्या बारशापासूनचे फोटो त्या आवाजाबरोबर गेले. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पुराचं गाळाचं पाणी आत जातं. आतला काटा तबकडीवरून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतरावरून जातो. पाणी सुकलं तरी गाळ तबकडीवर राहतो, आणि काटा तो घासत नेतो. म्हणून सुकवू नका. ओलसर फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा परत काढणाऱ्या जाणकाराकडे न्या.

आता जपायचं कसं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याकडे "दुसऱ्या ठिकाणी" याचा अर्थ पंचगंगेचं पाणी पोचत नाही तिथे. वरच्या मजल्यावरची प्रत चांगली, पण घराला वेढा पडून तुम्ही बाहेर आणि प्रत आत असं झालं की तीही कामाची राहत नाही. समजा आजऱ्याला बहीण असेल, तर तिच्याकडे एक बाहेरची हार्ड डिस्क ठेवा आणि गणपतीला, दिवाळीला, माहेरपणाला गेलात की बदलून आणा. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा साधी हार्ड डिस्क बरी, कारण वीज न मिळता वर्षानुवर्षं पडलेल्या एसएसडीतली माहिती जाऊ शकते. तिसरी प्रत क्लाउडवर. गुगलचे मोफत १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, तेवढ्यात फोटो मावणार नाहीत, कागदपत्रं मावतील.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ३९ ची बातमी आली की जनावरं, धान्य हलवतो तसे संगणकही हलवा. सगळं नेणं जमलं नाही तर नुसती डिस्क काढून खिशात घाला.

प्रश्न (गडहिंग्लज): ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली, उघडायला गेले तर काहीतरी इन्स्टॉल झालं. आता भीती वाटते.

मावशी, पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असते. ज्या फाइलीच्या नावाच्या शेवटी एपीके असतं तो प्रोग्रॅम असतो, आणि असा फसवा प्रोग्रॅम तुमचे एसएमएस वाचतो आणि ओटीपी पळवतो. फोन लगेच एअरोप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते बघा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तासाभरात फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडवली जायची शक्यता जास्त. मग फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फोन फॅक्टरी रिसेट करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी काही असेल तर काढा, आणि सगळ्या पाहुण्यांना कळवा, कारण तीच पत्रिका आता तुमच्या नावाने फिरत असेल. लाज वाटून गप्प बसू नका. तुम्हाला ती आली तीही अशाच कुणाच्या तरी गप्प बसण्यामुळे.

मंडळातून एक टीप: वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की लोक संगणकाचा प्लग काढतात, पण राउटरला बाहेरून येणारी तांब्याची वायर तशीच राहते. गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाचा राउटर आणि संगणकाचं नेटवर्क कार्ड त्याच वायरीतून जळालं. फायबर असेल तर हा धोका फार कमी. यूपीएस विजेच्या तडाख्यापासून वाचवत नाही.

पुढच्या बैठकीत जुन्या फॉन्टची रूपांतरं करायला बसणार आहोत. येताना एक फाइल, तिचा फॉन्ट आणि तिची छापील प्रत अशी तिन्ही आणा. छापील प्रत नसेल तर वेलांटी कुठे घसरली ते ओळखायला वाचणाऱ्यालाच तो मजकूर पाठ असावा लागतो.