खारवट जमिनीत एखादे वाळवंटी झुडूप टिकेल का? आणि त्याचा उपयोग काय?

तुमच्या जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर येतो आणि विहिरीचे पाणीही खारे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. अशा जागेसाठी मी पीलूचे नाव सुचवेन. शास्त्रीय नाव साल्वाडोरा पर्सिका, राजस्थानात ‘खारा जाळ’.

कच्छच्या रणाच्या कडेला मी तो पाहिला. भोवतीची भुई मिठाने पांढरीफटक, आणि त्यात हे हिरवेगार झुडूप, फांद्या पार जमिनीला टेकलेल्या. पान जाड, मांसल. चुरडून नाकाशी नेले तर मोहरी कुटल्यासारखा झणका येतो. मोहरी आणि पीलू एकाच गणातल्या वनस्पती, झणक्यामागची द्रव्येही त्याच जातीची.

सर्वांत जुना उपयोग दातणाचा. अरब देशांत ज्याला मिसवाक म्हणतात ते हेच. पेन्सिलीएवढी काडी घ्यायची, टोकाची बोटाच्या पेराएवढी साल काढायची आणि धागे सुटेपर्यंत चावायची. झिजलेले टोक कापून पुन्हा नवे करायचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 1986 मध्ये मिसवाकच्या वापराला प्रोत्साहन दिले. मुळाचे दातण अधिक चांगले मानतात, पण मुळे खणत गेलात तर झाड जाते. कृपा करून फांदीवरच भागवा.

बियांत साधारण 40 टक्के तेल असते. ते खायचे नाही, साबणासाठी वापरतात. म्हणूनच कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेने गुजरातच्या खारवट काळ्या जमिनींत पीलूच्या लागवडीचे प्रयोग केले. पाला उंट आवडीने खातात. फळे तिखट-गोड. खायला चांगली फळे हवी असतील तर मात्र त्याचा भाऊ, मिठा जाळ, बघा.

एक गैरसमज आधीच दूर करतो: पीलू जमीन गोड करत नाही, म्हणजे तिचा खार कमी करत नाही. शोषलेले मीठ तो पानांत साठवतो आणि पानगळीबरोबर ते पुन्हा मातीत येते. त्या जमिनीत जगून काहीतरी देणे, एवढेच त्याचे काम.

आणि लवकर हिरवे दिसावे म्हणून वेडी बाभूळ लावू नका. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ प्रदेशात तिने काय केले ते तिथल्या मालधाऱ्यांना, म्हणजे गुरे पाळणाऱ्यांना, विचारा. गवत हटले, काटे राहिले.

पीलूचे रोप कोवळे असताना मोठ्या झुडपाइतका खार सोसत नाही. म्हणून लागवड पावसाच्या तोंडावर करा, आणि पहिला उन्हाळा निघेपर्यंत जमेल तितके गोडे पाणी द्या.