नोकरीसाठी कुवेतला जायचंय, ॲपवरून 6 महिन्यांत अरबी येईल का? कोणतं ॲप घेऊ?

कामापुरती येईल. कोणतं ॲप, ते मात्र मला विचारू नका, जखम अजून ओली आहे.

मी पुण्यात एका कंपनीच्या ॲपसाठी अरबीचे धडे लिहायचो. शिकणाऱ्या बहुतेक आखातात निघालेल्या नर्स. मी म्हटलं, मराठी माणसाची निम्मी तयारी झालेलीच असते. शाळेचा दाखला, दवाखान्यात दाखल, नको तिथे दखल, तिन्ही द-ख़-ल याच अरबी धातूतले. तिकडे पार्किंगच्या पाटीवर 'दुख़ूल' दिसेल, म्हणजे प्रवेश. बाहेर पडायचं ते 'ख़ुरूज'. आपला अर्ज खारीज होतो तो त्याचाच भाऊ, आणि खर्चही त्याच घरातला. तीन व्यंजनं धरायची, स्वर फिरवायचे, मागे-पुढे काही जोडायचं. ती तीन अक्षरं पडद्यावर रंगवून दाखवा, एवढंच माझं मागणं.

साहेब म्हणाले, व्याकरण दिसलं की लोक पळतात. चित्र, शब्द, टाळ्या, पुढचं चित्र!

मग शोधात 'वसयक्तुबूनहा' टाकलं की निकाल शून्य. 'आणि ते लोक ती गोष्ट लिहितील' एवढं सगळं अरबीत एका शब्दात मावतं. तो सोलून आतल्या 'लिहिणे' या क्रियापदापर्यंत पोचणारं टिम बकवॉल्टरचं सॉफ्टवेअर 2002 पासून आहे. आमच्याकडे टाळ्या होत्या.

उच्चारांची तऱ्हा तीच. भर बैठकीत मी मुद्दाम 'कल्ब' म्हणालो, म्हणजे कुत्रा. ॲपने 'हृदय' म्हणून हिरवी खूण दिली. हृदय म्हणजे 'क़ल्ब', पडजिभेपासून काढायचा. साहेब म्हणाले, एवढं कोण बघतं? अहो, नर्स रुग्णाला विचारणार, तुमचा कुत्रा दुखतोय का!

आता खरं सांगायचं तर कुवेतमध्ये तुम्हाला 'गल्ब'च जास्त ऐकू येईल, म्हणजे माझाही धडा तिथे अर्धाच चालला असता. बहुतेक ॲप शिकवतात ती फ़ुस्हा, बातम्यांची आणि पुस्तकांची. 'मला हवंय' हे तिच्यात 'उरीदु', कुवेती माणूस म्हणतो 'अबी'. लिपी ॲपवरून खुशाल शिका, बोलणं मात्र तिथल्या माणसांच्या आवाजातूनच उचला.

आणि पैसे भरण्याआधी ॲपमध्ये 'मदख़ल', म्हणजे आत जायची वाट, हा शब्द शोधा. खाली 'दुख़ूल' दिसला नाही तर घेऊ नका. आमच्यात दिसत नाही. गेल्याच आठवड्यात पुन्हा बघितलं.