बाळाची नवाची रेषा आणि बाबांचं पोट

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा 14 महिन्यांचा. ब्रिटनमध्ये मुलांच्या तब्येतीच्या नोंदींसाठी मिळणाऱ्या लाल पुस्तकातल्या तक्त्यावर त्याचं वजन 9 च्या रेषेवर, म्हणजे शंभरातली 91 मुलं याच्याहून वजनदार. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांची तब्येत बघणारी नर्स, म्हणते, छान चाललंय. पण साताऱ्याहून सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "किती गं वाळलाय!" मग वरणभातात आणखी चमचाभर तूप पडतं, मोबाइलवर गाणी लागतात आणि घास कोंबले जातात. उरलेलं बाबा संपवतात. आई विचारते, "हा सरासरीला कधी पोचणार?"

कदाचित कधीच नाही, आणि त्यावाचून काही अडत नाही. 50 ची मधली रेषा म्हणजे पासिंगचे मार्क नव्हेत. निम्मी धडधाकट मुलं तिच्या खालीच असायची. सगळ्यांना वर ढकललं तर सरासरीच वर सरकेल! हा तक्ता फक्त गोऱ्या मुलांचा, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली ही मानकं काढली तेव्हा ओस्लो, आक्रा, मस्कतबरोबर दिल्लीचीही मुलं मोजली होती.

एक ठिपका बघू नका, सगळे ठिपके जोडून बघा. तुम्हीच लिहिलंय की तो जन्मापासून 9 च्या आसपासच चाललाय. ही त्याची वाट. 2 च्या रेषेखाली उतरला किंवा मलूल दिसायला लागला, तर मात्र जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे, जा. तोवर मोबाइल बाजूला ठेवा, आणि त्याने तोंड फिरवलं की जेवण संपलं असं समजा.

मला खटकली ती पत्रातली दुसरीच ओळ. "यांचा बीएमआय 24, अगदी नॉर्मल." बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा. नॉर्मल कुणासाठी? आपल्या दक्षिण आशियाई लोकांच्या बाबतीत ब्रिटनमध्येही 23 पासूनच मधुमेहाचा धोका वाढलेला धरतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडीने काढलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के. काटा किलो सांगतो, त्यात स्नायू किती आणि चरबी किती हे त्याला कुठलं कळायला!

तेव्हा शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. पँटचा नंबर सांगू देऊ नका, पुरुष पँट पोटाखाली घालतात. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. उंची 170 सेंटिमीटर असेल तर 85 च्या आत. जास्त भरली, तर जीपीला सांगून एचबीएवनसीची (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी) रक्ततपासणी करून घ्या.

आणि बाळाच्या भातावर तूप घाला खुशाल. फक्त त्याने टाकलेला तूपभात संपवायचं काम आजपासून बाबांकडून काढून घ्या.